चोवीस काडेपेट्या आणि एक जबाब

ही गोष्ट मी चाळीस वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. निवृत्तीनंतर दोनदा वही घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा दुष्काळावर चार पानं लिहून उठलो, कारण दुष्काळावर लिहिणं सोपं असतं. त्यात आपली चूक नसते. आता सत्तरीला टेकलोय, आणि जिच्याबद्दल लिहायचं ती राहिली नाही. जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्या सगळ्यांनी माझ्याबद्दल चांगलंच ऐकलं आहे. मांगवाड्यातला पोरगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लागला, साहेब झाला, नांदेडला बंगला बांधला. हे सगळं खरं आहे. जे गाळलंय ते सांगतो.

लातूरच्या एस.टी. स्टँडवरून मी नांदेड जिल्ह्यातल्या नायगावला बदलीवर निघालो ती सकाळ आधी सांगतो. माझी थोरली बहीण मार्था, जिला मी आक्का म्हणायचो, मला पोचवायला आली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नव्हतं. मिशनच्या एका छोट्या दवाखान्यात ती आया होती आणि त्याच पगारावर मी शिकलो होतो. तिच्या हातात माझी ट्रंक होती, मी म्हणत होतो दे, ती देत नव्हती. गाडी लागली. तिने खिडकीतून भाकरीचं फडकं आत दिलं आणि म्हणाली, "जपून जावा, दिनकरराव. पोचल्यावर कार्ड टाका."

शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, "शेजारीण का?"

मी म्हणालो, "हो. शेजारीण."

सख्खी बहीण भावाला दिनकरराव म्हणत नाही, अहोजाहो करत नाही. त्याआधी चोवीस वर्षं ती मला दानूच म्हणत होती. ते का बदललं, हेच सांगायचं आहे.

आमचं गाव औशाच्या पुढे. आजोबांच्या पिढीत आमचं घर ख्रिस्ती झालं. घरात माझं नाव दानियल. शाळेत घालायला वडील घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी नाव ऐकून पेन थांबवलं. म्हणाले, "हे कसलं रे नाव? लिहायला येईना." आणि त्यांनी दिनकर लिहिलं, वडिलांचं याकोबचं यशवंत केलं, धर्म हिंदू, आणि जात त्यांना न विचारताच ठाऊक होती. वडील हात जोडून उभे होते. त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. आक्का मात्र मिशनच्या शाळेत चार वर्षं शिकलेली, तिच्या दाखल्यावर ख्रिश्चन. एकाच आईच्या पोटची दोन लेकरं, कागदावर दोन धर्मांची. गावाला त्याने काही फरक पडत नव्हता. विहिरीवर आम्ही मांगच होतो. पाणी वरून ओततील तेव्हा घ्यायचं. नोकरीच्या कागदावर मात्र ख्रिस्ती झालं की सवलत नाही, हा नियम मला पुढे कळला. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं म्हणून सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. वडील आणि माय खडीच्या कामावर जायचे. नदीच्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरायची, एका खेपेला अर्धा दिवस जायचा. त्या वर्षी डिसेंबर लागायच्या तोंडावर आक्का लातूरहून दवाखान्यातून चार दिवसांच्या सुट्टीवर आली आणि तिने पहिल्यांदा काडेपेट्यांचा तक्ता केला.

दवाखान्यात एक परदेशी नर्स होती, तिला सगळे मोठी सिस्टर म्हणत. तिच्या देशात डिसेंबरच्या एक तारखेपासून नाताळापर्यंत रोज एक छोटी खिडकी उघडायची पद्धत होती. खिडकीमागे चित्र, नाहीतर खाऊ. सिस्टरने वॉर्डातल्या लेकरांसाठी पुठ्ठ्याचा तसा कागद केला होता. आक्काने तो बघितला आणि आपल्या पद्धतीने केला. खिडक्या कापायला तिच्याकडे जाड कागद नव्हता, पण दवाखान्यातल्या स्टोव्हच्या रिकाम्या काडेपेट्या होत्या. त्या चोवीस ती उन्हाळ्यापासून जमवत होती. सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिने पाटी केली. त्यावर सहा-सहाच्या चार रांगांत पेट्या चिकटवल्या. आकडे घातले ते जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाने, काडीला कापूस गुंडाळून. पेटीचा आतला कप्पा ओढायला टाके घालायच्या दोऱ्याची कडी.

चिकटवायला तिने गव्हाच्या पिठाची खळ करायला घेतली तेव्हा माय खडीवरून आलेली. ती दारातच थांबली.

"खायाला पीठ न्हाई आन् तू कागदाला चारायलीस व्हय गं?"

आक्का हसली. "थोडंच हाय, माय. चमचाभर."

"चमचाभरात एक पापुद्रा व्हतो भाकरीचा. तुझ्या सिस्टरला सांग, हितं येऊन चिकटव म्हणावं."

आक्काने ते पीठ परत डब्यात टाकलं आणि बांधावरच्या बाभळीचा डिंक काढून आणला. डिंकाने पेट्या वाकड्या बसल्या. शेवटपर्यंत, दरवर्षी, ती डिंकच वापरायची. पुढे घरात पीठ भरपूर असतानाही.

पेट्यांत घालायला खाऊ कुठला? दोन पेट्यांत शेंगदाणे, एकीत चिंचेचा गोळा, एकीत गुळाचा खडा. बाकीच्या वीस पेट्यांत तिने चिठ्ठ्या घातल्या. दवाखान्याच्या औषधाच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मोठ्या अक्षरात. 'दानू, आजची पाण्याची खेप माझी.' 'दानू, आज मायचे पाय तू दाब.' 'दानू, आज रुसायचं नाही.' काही चिठ्ठ्या कामाच्या, काही प्रार्थनेच्या. सुट्टी संपून ती गेल्यावर पाण्याची खेप तिची कशी असणार? पण ती चिठ्ठी निघाली त्या दिवशी माय कामावरून आल्यावर स्वतः घागर घेऊन गेली. म्हणाली, "तिनं कबूल केलंय तर कुणीतरी भरायला पायजे." मायचा त्या तक्त्यावरचा राग असा होता.

नियम दोनच होते. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकच पेटी उघडायची. आणि एकदा टांगलेला तक्ता नाताळ होईपर्यंत भिंतीवरून उतरवायचा नाही.

पुढच्या पावसाआधी वडील गेले. खडीच्या ढिगाजवळ बसल्या बसल्या गेले, एवढंच सांगता येतं. मायही वर्षभरात गेली. आक्काने गावचं घर बंद केलं आणि मला लातूरला आणलं. तेव्हाचं लातूर म्हणजे डाळींच्या गिरण्यांचा धुरळा आणि मोंढ्यातल्या हमालांची आरडाओरड. आम्ही एका लिंगायत वाण्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागलो. घरमालकीण मल्लवा काकू, कपाळभर भस्म, जीभ तिखट, हात सैल. दुकानातल्या रिकाम्या काडेपेट्या ती आक्कासाठी साठवायची आणि देताना दरवर्षी तोच टोमणा मारायची, "घे गं मार्था, तुझ्या पेट्या. आमच्या गल्लीत तुझ्याएवढ्या बिड्या कोण ओढतंय की!"

मी मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, तहसीलीत हंगामी कारकून लागलो. मग नवा जिल्हा झाला. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना त्याची गंमत कळायची नाही. उस्मानाबादला हेलपाटे घालणारं लातूर एका दिवसात जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेरीला इमारत नव्हती, खुर्च्या नव्हत्या. छापील कागद सगळे जुन्या जिल्ह्याचे. त्यावरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर तेच. बोटं निळी व्हायची. नव्या जागा निघाल्या, त्यात राखीव जागा होत्या. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जे लिहिलं होतं ते मी जोडलं. मला काही खोटं लिहावं लागलं नाही, फक्त गप्प राहावं लागलं. आक्काला मी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजे तू प्रभूचा न्हाईस आसं लिवलंस?"

"मी नाही लिहिलं. गुरुजींनी लिहिलं होतं."

"गुरुजी नोकरी करायलेत का तू?"

 तिने पुढची भाकरी थापायला घेतली. मला नोकरी लागावी अशी तिची माझ्याइतकीच इच्छा होती. ती जागा यादीतल्या दुसऱ्या कुणाची तरी होती, त्याच्याही घरी कुणी बहीण असेल, हा विचार तेव्हा आम्हा दोघांनाही शिवला नाही. आता रोज शिवतो.

डिसेंबर उजाडला. तक्ता भिंतीवर लागला. आणि कुणीतरी माझ्याविरुद्ध निनावी अर्ज केला, की हा ख्रिस्ती आहे, दर रविवारी याची बहीण चर्चमध्ये असते. कचेरीतल्या शिपायाने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "साहेब, रविवारी दुपारी तुमच्या घरी चौकशी येणार हाय. घर नीट करून ठेवा." नीट म्हणजे काय ते त्याला सांगायची गरज नव्हती.

शनिवारी मी आक्काला म्हणालो, क्रूस काढ. तिने काढला. येशूची तसबीर काढली. पवित्र शास्त्र लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. हे सगळं ती माझ्याकडे न बघता करत होती. मग मी तक्त्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "त्यो नाताळ झाल्याबिगर उतरवत नसतेत."

"उद्या एक दिवस, आक्का."

"काडेपेट्या हायेत त्या. देव न्हाई, देवूळ न्हाई. कोण वळखणार हाय? लेकराबाळांचा खेळ हाय म्हण."

मला ते पटलं. खरोखर पटलं. क्रूस जगाला कळतो, काडेपेट्यांचा तक्ता कोणाला कळणार? लातुरात तसा दुसरा नव्हताच. आम्ही दोघं इतकी वर्षं त्याच्याकडे आमचीच वस्तू म्हणून बघत होतो, की परक्या माणसाचा हात पहिल्यांदा तिथेच जाईल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

चौकशीला एक वयस्कर अव्वल कारकून आले. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आले, म्हणाले, "घाबरू नका हो. अर्ज आला म्हणून यावं लागतं. दोन ओळी लिहायच्या, चहा घ्यायचा, निघायचं." आक्काने चहा केला. मी म्हणालो, ही माझी आक्का. त्यांनी मान हलवली. दाराबाहेर उभ्या मल्लवा काकूला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय म्हाईत? भाडं टायमाला देत्यात, भांडत न्हाईत. आणखीन काय पायजे सरकारला?" ते हसले. सगळं संपल्यात जमा होतं. कप ठेवायला ते उठले आणि भिंतीजवळ थांबले.

"हे काय हो? छान केलंय."

"खेळ आहे," मी म्हणालो.

त्यांनी सहज एक कडी ओढली, जशी कुणीही ओढली असती. आतली चिठ्ठी उलगडली आणि चष्मा वर करून वाचली. 'प्रभू, माझ्या दानूला सांभाळ. आमेन.'  मग हळू आवाजात विचारलं, "दानू कोण?"

मला आजही ती खोली दिसते. चुलीपाशी आक्का, तिचा हात पदराला पुसता पुसता थांबलेला. माझ्या तोंडातून जे निघालं ते मी आधी ठरवलं नव्हतं, पण निघालं तेव्हा ते तयार असल्यासारखं सरळ निघालं.

"यांचा भाऊ. दुष्काळात वारला, साहेब. या ख्रिस्ती आहेत. मी यांच्याकडे राहतो. त्याच्या जागी मला भाऊ मानतात."

"मघा आक्का म्हणालात."

"मानलेली."

ते आक्काकडे वळले. "खरं का, बाई?"

माझी बहीण खोटं बोलत नसे. दवाखान्यात एकदा तिच्या हातून औषधाची बाटली फुटली, कुणी बघितलं नव्हतं, तरी तिने जाऊन सांगितलं आणि पगार कापून घेतला. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी त्या कारकुनाच्या हातातल्या पेनाकडे बघत होतो.

"व्हय," ती म्हणाली. "मेला दानू."

त्यांनी जबाब लिहिला. माझा सख्खा भाऊ दानियल हा दुष्काळात मयत झाला असून सदर दिनकर यास मी भाऊ मानते, वगैरे. आक्काने खाली सही केली. मार्था. तिचं अक्षर सावकाश होतं, दोन अक्षरांनाही वेळ लागायचा. त्या माणसाने चिठ्ठीची पूर्वीसारखीच घडी केली, पेटीत ठेवली, पेटी सरकवून बंद केली. जाताना मला म्हणाले, "बरं झालं. मिटलं." त्यांना खरं कळलं होतं, असं मला वाटतं. त्यांच्या त्या जपून घडी घालण्यावरून वाटतं.

ते गेल्यावर मल्लवा काकू दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "दिनकर, जित्या माणसाला आसं मारू नये रे. कुठल्याच देवाला चालत न्हाई ते." आणि निघून गेली. मी आक्काला म्हणालो, नोकरी वाचली. ती कप विसळत होती.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाली, पण पेटी उघडली गेली नाही. नंतरही नाही. नाताळ झाल्यावर आक्काने तक्ता उतरवला आणि पाणी तापवायच्या चुलीत घातला. मी विचारलं नाही.

जबाबाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने माझा डबा पुढे केला होता. "दिनकरराव, डबा घ्या."

मला वाटलं टोमणा आहे. मी हसलो. संध्याकाळीही तेच, रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "आक्का, हे काय लावलंस?"

ती शांतपणे म्हणाली, "सही केलीय म्या. प्रभूचं नाव घेणाऱ्या बाईनं सही केलीय की दानू मेला. आता दानू म्हणून हाक मारली तर ती सही खोटी पडंल. तुमी बी जपा, म्या बी जपते."

"घरात कोण ऐकतंय?"

"म्या ऐकते की."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता. तिने खोटं बोलल्याचं ओझं तिच्या पद्धतीने उचललं होतं. बोललेलं खोटं परत घेता येत नाही, घेतलं तर माझी नोकरी जाते, मग ते रोज पाळायचं. भाऊ मेला, तर मेला. घरात एक परका माणूस राहतो, त्याला वेळेवर डबा द्यायचा, आजारी पडला तर काढा द्यायचा. नोकरी कायम झाल्याचा हुकूम निघाला, मी पेढे आणले. तिने एक घेतला. "अभिनंदन, दिनकरराव." दोन महिन्यांत मी बदली मागून घेतली. लोक म्हणतात बदलीवर पाठवलं. नाही. मी पळून गेलो.

नायगावला माझं बस्तान बसलं. तिकडची बोली वेगळी, बोलण्यात तेलुगू शब्द मिसळलेले, मोंढ्यात निजामाच्या काळातलं उर्दू अजून जिवंत. सगळे मला लातूरचे साहेब म्हणत. दिनकर हे नाव मला हळूहळू बसलं. लग्न ठरलं, नांदेडच्या मातंग समाजातलं, हिंदू पद्धतीने. करवली कोण म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला बहीण नाही. कचेरीतल्या एका मित्राची बहीण करवली म्हणून हातात दिवा घेऊन माझ्यामागे उभी राहिली. आक्का लातूरहून आली होती. मांडवात सातव्या-आठव्या ओळीत बसली होती, नवी पांढरी साडी नेसून. जेवली, बायकोच्या ओटीत आहेर घातला आणि तिला सांगितलं, "मी यांच्या जुन्या शेजारची." संध्याकाळच्या गाडीने परत गेली. बायको म्हणाली, किती साधी बाई. मी हो म्हणालो.

मुलं झाली, मोठी झाली. थोरल्याने कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला मागितला. मी दिला नाही. "बाबा, सगळे घेतात, आपला हक्क आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, गुणांवर जा. त्याला वाटलं बाप तत्त्वाचा आहे, किंवा बापाला जातीची लाज वाटते. दोन्हीपैकी काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही, पण दोन वर्षं नीट बोलला नाही. एवढी एक गोष्ट मी पाळली. ती पुरेशी आहे असं म्हणत नाही.

मागच्या डिसेंबरमध्ये थोरल्याची मुलगी, माझी नात, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने तिला मॉलमधला खोका दिला होता, चोवीस दारं, प्रत्येकामागे चॉकलेट. "आजोबा, याला ॲडव्हेंट कॅलेंडर म्हणतात. तुम्हाला माहितीये?" मी म्हणालो, "नाही बाळा. काय असतं ते?" आणि तिने मला समजावून सांगितलं, रोज एक दार, घाई करायची नाही. मी मान हलवत ऐकत होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एवढ्या वर्षांत माझ्यात काहीच बदललं नाही. कुणी सहज विचारलं की माझ्या तोंडून आधी नाहीच निघतं. तेव्हा निदान नोकरीचं भय होतं. आता कशाचं होतं? दुसऱ्या दिवशी ही वही काढली.

माफी मागायला मी दोनदा गेलो होतो. निवृत्त झालो त्या महिन्यात नांदेडहून लातूरची गाडी धरली. चार तास मनात वाक्यं जुळवत होतो. आक्का तेव्हा दवाखान्याच्या आवारात एका खोलीत राहायची, म्हातारी झाली होती, गुडघे गेले होते. पाळकसाहेब आणि दोन बायका तिच्याकडे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "आमच्या दानूचे दोस्त. लई जुने. नांदेडास्नं येत्यात." मग एका बाईने विचारलं, दानू म्हणजे तुमचा तो दुष्काळात गेलेला भाऊ ना? आणि आक्का म्हणाली, "हाव. लई हुशार व्हता." सगळे हळहळले. मीही. मी चहा घेतला. लोक उठायची वाट बघितली, ते उठले नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते उठू नयेत असंच मला वाटत होतं. पाचची गाडी मिळाली.

दुसऱ्या वेळी ती अंथरुणाला खिळली होती. खोलीत आम्ही दोघंच. याहून बरी वेळ मिळणार नव्हती. मी तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "आक्का."

तिने डोळे उघडले. "दिनकरराव. कवा आलात? जेवलात का?"

मी म्हणालो, "हो, जेवलो."

जेवलो नव्हतो. एवढंही खरं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं आलात," आणि माझा हात हातात घेऊन झोपली. तासभर तसाच बसलो. तिची झोप मोडायची नाही म्हणून गप्प बसलो, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो.

ती गेल्याचा फोन पाळकसाहेबांनी केला, दानूचे दोस्त म्हणून माझा नंबर तिच्या वहीत होता. दफनभूमीत चाळीस-पन्नास माणसं होती, बहुतेक दवाखान्यातली, तिने ज्यांची बाळंतपणं निस्तरली अशा बायका. प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "जवळच्या नातेवाइकांनी आधी माती द्यावी." कुणीच पुढे झालं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "बाईंचं जवळचं कुणी?" मी तिसऱ्या रांगेत होतो. माझी बायको माझ्याबरोबर होती. मी उभाच राहिलो. शेवटी पाळकसाहेबांनीच आधी माती टाकली, मग रांग पुढे सरकली, माझा नंबर आला तेव्हा मीही मूठभर टाकली. बाकीच्यांसारखी.

तुम्हाला, जे गावात राहिलात त्यांना, वाटत असेल की बाहेर गेलेल्यांना घरची ओढ लागते म्हणजे मातीची, विहिरीची, रस्त्याची. मागच्या वर्षी मी गावी जाऊन आलो. विहिरीवर आता कुणी कुणाला अडवत नाही, नळच आलाय. आमच्या घराच्या जागी कुणाचा तरी गोठा आहे. मला काहीच वाटलं नाही. मला दानू म्हणणारं जगात एकच माणूस होतं आणि त्याची ती हाक मी स्वतः बंद केली. त्यानंतर मी जिथे जिथे राहिलो, लातूरला, नायगावला, नांदेडच्या या बंगल्यात, तिथे मी मुक्कामालाच होतो. ही वही मी थोरल्याला देणार आहे. त्याने काय म्हणायचं ते म्हणावं. पण त्याच्याआधी जे एकीला सांगायचं होतं, लातूरच्या गाडीत चार तास जुळवलं आणि दोन्ही वेळा तसंच परत आणलं, ते इथे लिहितो.

आक्का, त्या रविवारी साहेबांनी तुला विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच बघितलं नाही. खोटं माझं होतं आणि सही तुझी घेतली. ते तू जन्मभर एकटीने पाळलंस आणि मी तुला पाळू दिलं. मला नोकरी नको होती असं म्हणणार नाही, हवी होती. पण तुझ्यापेक्षा जास्त हवी नव्हती, हे तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. चुकलो, आक्का. माफ कर.